पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन

फेब्रुवारीत आम्ही पुण्याला निघालो तेव्हा घरात सांगितलं होतं की माझ्या पित्ताशयात खडे झालेत आणि दुर्बिणीतनं ऑपरेशन करायचंय. आत्तींनी (आमच्याकडं सासूला आत्तीच म्हणतात) गाडीत बसायच्या आधी कपाळाला अंबाबाईचं कुंकू लावलं, डब्यात दशम्या बांधून दिल्या आणि म्हणाल्या, "घाबरू नको, माझ्या भावजयीचं बी झालंय हे, काय होत न्हाई." त्या दशम्या साताऱ्याच्या पुढं नवऱ्यानं गाडी बाजूला घेऊन एकट्यानं खाल्ल्या, कारण मी बारा दिवस पातळ सोडून काही घेत नव्हते.

माझ्या पित्ताशयात एकही खडा नव्हता. सोनोग्राफीचा रिपोर्ट पर्समध्ये होता, त्यात तसं स्वच्छ लिहिलेलं होतं. माझं वजन ११४ किलो, उंची पाच फूट दोन इंच, बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) ४६, आणि मी चालले होते वजन कमी करायचं ऑपरेशन करून घ्यायला. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी म्हणतात त्याला, जठराचा तीन चतुर्थांशापेक्षा जास्त भाग कायमचा काढून टाकतात आणि उरलेल्याची केळ्याएवढी नळी ठेवतात.

खोटं नीट विचार करून निवडलं होतं. पित्ताच्या ऑपरेशनला पण पोटावर तशीच चार-पाच छोटी भोकं पडतात, दोन-तीन रात्री दवाखान्यात काढाव्या लागतात, नंतर थोडे दिवस हलकं खायला सांगतात, म्हणजे कुणाला संशय येणार नाही. आणि पुणं निवडलं त्यातही तेच कारण होतं, कोल्हापुरात दवाखाने कमी आहेत असं नाही, पण कोल्हापुरात माणूस ॲडमिट झालं की संध्याकाळपर्यंत सगळी भाऊकी शहाळी आणि बिस्किटाचे पुडे घेऊन वॉर्डात हजर होते आणि कुणीतरी कॉटच्या पायथ्याशी लटकवलेली फाईल उचलून वाचतंच.

ऑपरेशन करायचं की नाही हे ठरवायला मला तीन महिने लागले. घरात सांगायचं की नाही, ह्यात आठ महिने गेले आणि तरी ते नीट ठरलं नव्हतंच.

माझं माहेर मंगळवार पेठेत, खासबाग मैदानापासून पायी पाच मिनिटांवर. शाहू महाराजांनी बांधलेलं ते मैदान, १९१२ सालचं, आमच्या आण्णांनी तिथं तरुणपणी कुस्त्या केल्यात आणि त्यांच्या वडिलांनी पण. अशा घरात वजन हे लाजायची गोष्ट नसते, ती कमाई असते. पोर अंगानं भरली की "खात्यापित्या घरची हाय" म्हणायचे, आण्णा तालमीतनं आले की थंडाईचा वाटा काढून मला पहिल्यांदा द्यायचे, बदाम वाटून त्यात खडीसाखर घातलेली, आणि मी ग्लास रिकामा केला की त्यांचा चेहरा असा काही उजळायचा की मी पोट भरलेलं असताना पण दुसरा ग्लास प्यायचे. माझ्या आठवणीत प्रेम असंच दिसतं, कुणीतरी वाढतंय आणि मी नको म्हणत नाहीये.

आणि त्याच घरात मी सोळा-सतरा वर्षांची झाल्यावर तेच लोक म्हणायला लागले, "जरा कमी खा, उद्या कोण करून घेणार." म्हणजे वाढायचं पण तेच आणि टोकायचं पण तेच. एकाच जेवणात दोन्ही व्हायचं. ताटात तुपाची धार सोडणारा हात आणि दंडाला चिमटा काढून "किती सुटलीयस" म्हणणारा हात एकाच मावशीचा असायचा. मला तेव्हा कुणाचा राग यायचा नाही, फक्त मी हळूहळू लपवायला शिकले. चारचौघांत अर्धी भाकरी खायची आणि रात्री सगळे झोपल्यावर फडताळातल्या डब्यातला गूळ-शेंगदाणा खायचा. ऑपरेशन लपवायची सवय ही त्या लपवण्यातनंच आलीय असं आता वाटतं.

मी प्रयत्न केले नाहीत असं कुणी म्हणू नये. वीस वर्षं केलेत. रंकाळ्यावर पहाटे साडेपाचला चालले, सूपवर राहिले, पावडरी घेतल्या, एका वर्षी १४ किलो उतरवले आणि पुढच्या दीड वर्षात १७ वाढले. तेव्हा वाटायचं माझ्यातच काहीतरी खोट आहे, मनाचा निग्रह नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत कागदावर चित्र काढून समजावलं की डाएट करून वजन उतरलं की शरीराला तो दुष्काळ वाटतो, भूक वाढवणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन वाढतं, भरलंय असं सांगणारी हार्मोन्स घटतात, शरीर बसल्याजागी जाळतं ती एनर्जी पण कमी करून टाकतं, म्हणजे तुम्ही ज्याला कमकुवतपणा म्हणताय ते शरीर आपलं वजन परत मिळवायला लढतंय. घ्रेलिन जास्त करून जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं आणि ह्या ऑपरेशनमध्ये नेमका तोच भाग काढतात. मी त्या केबिनमध्ये रडले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला सांगत होतं की हे पाप नाहीये.

पण केबिनमध्ये कळलेलं घरात कसं सांगायचं? मोबाईलमध्ये एक नोट केली होती, माणसांची नावं आणि प्रत्येकापुढं तो काय म्हणेल ते. नणंद म्हणणार, नवऱ्याच्या पैशावर चैन. जाऊ म्हणणार, एवढं पोट कापून घेण्यापेक्षा तोंडाला कुलूप लावायचं होतं. आण्णा काय म्हणतील हे लिहिताच आलं नाही. आणि सगळ्यांच्या तळाशी एकच वाक्य होतं, शॉर्टकट घेतला. जिला मशीन लावल्याशिवाय झोप येत नाही, रात्री झोपेत श्वास थांबतो म्हणून नवरा उठून उठून बघतो, जिचा तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा (एचबीए१सी) ८.४ टक्के आहे, जिला पतसंस्थेतल्या पहिल्या मजल्यावरच्या टेबलापर्यंत जाताना दोनदा थांबावं लागतं, तिनं जगण्यासाठी काही केलं तर ते शॉर्टकट कसं, हे मला आजही कळत नाही.

ह्या लपवण्याची किंमत पैशात पण दिली. विम्याच्या नियमांत २०१९ पासून लिहिलेलं आहे की बीएमआय ४० च्या वर असेल, डॉक्टरांनी सांगितलेलं असेल तर असं ऑपरेशन सरसकट वगळता येत नाही, आणि मी त्यात बसत होते. पण आमची पॉलिसी ज्यांच्याकडनं काढलीय ते नवऱ्याचे चुलतमामा. क्लेमचा कागद त्यांच्या हातात म्हणजे रविवारी सगळ्या कसबा बावड्यात. मग क्लेम केलाच नाही, लेकीच्या नावानं ठेवलेली एफडी मोडली. ती सही करताना माझा हात थरथरला होता, ऑपरेशनच्या कागदावर सही करताना नाही थरथरला.

आणि त्याहून वाईट म्हणजे देवाचं नाव घेतलं. ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे फक्त पातळ घ्यायचं असतं, लिव्हर आकसावं म्हणून, कारण जठराचा बराच भाग लिव्हरच्या खाली असतो आणि चरबीनं सुजलेलं लिव्हर उचलून काम करणं सर्जनला अवघड जातं. आता एका स्वयंपाकघरात राहून दोन आठवडे न जेवता कसं राहायचं? मी सांगितलं, अंबाबाईला नवस बोललोय, अन्नाला शिवणार नाही. आत्तींना इतकं बरं वाटलं. त्यांनी माझ्याबरोबर दोन शुक्रवार निरंकार धरले, सत्तरीत, गुडघे धरून महाद्वारातनं आत चालत जाऊन आल्या आणि माझ्या ओंजळीत प्रसादाचा पेढा ठेवला, मग स्वतःच म्हणाल्या, "र्‍हाऊ दे, तुझा नवस हाय, मी खातो." आमच्याकडं बायका बोलताना 'मी खातो, मी जातो' असंच म्हणतात. ते वाक्य माझ्या डोक्यातनं आजही जात नाही.

ऑपरेशन तसं नीट झालं. परत येताना नवरा तासाला गाडी थांबवायचा आणि मला पाच मिनिटं चालवायचा, पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. डिस्चार्ज देताना तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं होतं, घरात स्वयंपाक कोण करतं? सासूबाई. त्यांना माहीत आहे ना? मी हो म्हणाले. त्या म्हणाल्या बरं, कारण ताप आला, नाडी एकदम फास्ट झाली, पोटात किंवा खांद्यात दुखायला लागलं तर टाके गळत असू शकतात आणि तेव्हा घरातल्या माणसाला एक तास पण वाया घालवायचा नसतो. म्हणजे मी एका अनोळखी बाईला पण खोटं बोलले, आणि दिवसभर नवरा शिरोलीला फाउंड्रीत असताना ज्या बाईच्या भरवशावर मी घरात पडून राहणार होते तिला माहीतच नव्हतं की कशावर लक्ष ठेवायचंय. मला काही झालं नाही. पण झालं असतं तर आत्तींनी ओवा आणि हिंग दिला असता आणि वाट बघितली असती.

पाचव्या आठवड्यात त्यांनी मला पकडलं. मऊ खायचं सुरू झालं होतं, मुगाचं वरण, अंड्याचा पांढरा भाग, कुस्करलेलं पनीर, चार चमचे झाले की बास. त्या दिवशी त्यांनी ज्वारीची भाकरी पांढऱ्या रश्श्यात बुडवून ठेवली होती, लोण्यासारखी मऊ, आणि समोर बसल्या. मी दोन घास घाईत गिळले आणि ते छातीत अडकले. ज्यांना हा त्रास झालाय त्यांनाच कळेल, घास खाली जात नाही, वर येत नाही, तोंडात नुसती फेसाळ लाळ सुटते. मी मोरीत अर्धा तास उभी होते. आत्ती पाठीवरनं हात फिरवत होत्या आणि मग मागनंच म्हणाल्या,

"पित्ताच्या खड्याला असलं होत न्हाई. माझी भावजय धाव्या दिवशी रस्सा ओरपत हुती. खरं सांग, कॅन्सर हाय का?"

मी वळून बघितलं तर त्यांचे ओठ कापत होते. पाच आठवडे ही बाई मला कॅन्सर झालाय असं समजून, तसं न दाखवता, रोज माझ्यासाठी पेज गाळत होती. मी मोरीच्या कट्ट्यावर बसून सगळं सांगितलं. सगळं म्हणजे सगळं, जठर, घ्रेलिन, एफडी, पुणं. मला वाटलं होतं चिडतील. त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि मग त्यांनी दोन प्रश्न विचारले. पहिला, "मग तो नवस?" मी खाली बघितलं. दुसरा, "म्हंजे मी घातलेलं नडलं व्हय तुला?"

ह्या प्रश्नाची माझी काही तयारी नव्हती. माझ्या मोबाईलमधल्या नोटमध्ये त्यांच्यापुढं लिहिलं होतं, 'टोमणे मारतील'. त्या अठरा वर्षं मला वाढत आल्यात आणि मी न सांगून त्यांना हेच सांगितलं होतं की तुमच्या अन्नानं मला आजारी पाडलं. मी म्हणाले तसं नाही आत्ती, ह्यात रक्ताचा, जीन्सचा लई मोठा वाटा असतो, माझी आजी अशीच होती, आई अशीच होती. त्यांना किती पटलं माहीत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी माझ्यापुढं एक चांदीची वाटी ठेवली, माझ्या लेकीच्या उष्टावणाची, कपाटात फडक्यात गुंडाळून ठेवलेली. "ह्यात बसंल तेवढंच खा, परत मागू नको अन् टाकू पन नको." ती वाटी आजही माझीच आहे. पुढं देवळात जाऊन मी जे काही बोलायचं ते बोलून आले, ते इथं लिहीत नाही.

एवढं होऊन मी शहाणी व्हायला पाहिजे होते. झाले नाही. आत्तींना मी स्वतः सांगितलं नव्हतं, त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं होतं, आणि बाहेरच्यांसाठी पित्ताचे खडे तसेच चालू ठेवले.

मे महिन्यात भाचीचं लग्न होतं. माझे २० किलो गेले होते, सहावारी नव्यानं बसत होती, आणि आक्का आली होती इचलकरंजीहून. आक्का माझी मावसबहीण, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, आम्ही दोघी घराण्यातल्या जाड म्हणून लहानपणापासनं जोडीनं फोटोत मागं उभं राहायचो. तिला नऊ वर्षं शुगर आहे. तिनं मला मांडवाच्या मागं ओढलं, दोन्ही दंड धरून बघितलं आणि डोळ्यांत पाणी आणून विचारलं, "काय केलीस गं? मला पन सांग की." आणि मी म्हणाले, "काय न्हाई आक्का, रोज चालतो, साखर बंद केलोय आणि रात्रीचं जेवण सोडलोय."

ते किती सहज तोंडातनं आलं. मागं वळून बघितलं तर त्यात मला थोडं सुख पण झालं होतं, कौतुक ऐकायचं सुख, निग्रहाचं, जे मला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं. ते मी फुकट घेतलं.

मग केस गळायला लागले. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बऱ्याच जणांचे गळतात, शरीराला एवढा धक्का बसलेला असतो, नंतर परत येतात, पण बघणाऱ्याला ते कुठं माहीत. गल्लीत शुगर लागलीय म्हणाले, मग टीबी म्हणाले, मग कुणीतरी हळूच नवऱ्याला विचारलं, रिपोर्ट काय आले. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आषाढात आमच्याकडं टेंबलाईची यात्रा असते. पंचगंगेचं नवं पाणी कलशांतनं, पी-ढबाक वाजवत टेंबलाईच्या डोंगरावर नेतात, देवीच्या पायरीवर ओततात, आणि मग घराघरात मटण शिजतं. आमच्या घरी त्या शुक्रवारी पंचवीस-तीस माणूस होतं. तांबडा एका पातेल्यात, पांढरा दुसऱ्यात, मी आत्तींच्या मागं वाढायला उभी होते आणि माझी चांदीची वाटी खिडकीत झाकून ठेवलेली होती. दुपारी दोनच्या सुमारास इचलकरंजीहून भाच्याचा फोन आला. आई पहाटे बाथरूमला जाताना पडली, बोलतच नव्हती, घामानं भिजलेली, दवाखान्यात नेलं तेव्हा शुगर ४८ होती, सलाईन लावलंय, आता शुद्धीवर आहे. आणि मग तो म्हणाला, "मावशी, तिनं महिनाभर रात्रीचं जेवणच सोडलंय, तुझ्यासारखं करतो म्हणत्या. गोळी मात्र घेत होती."

शुगरच्या काही गोळ्या अशा असतात, ग्लिमेपिराइडसारख्या, की त्या शरीराला इन्सुलिन सोडायला लावतात, तुम्ही जेवला काय नाही काय. गोळी घेऊन उपाशी झोपलं की शुगर खाली खाली जात राहते. हे मला माहीत होतं. मी स्वतः तीच गोळी घ्यायचे, ऑपरेशननंतर डॉक्टरांनी पहिली तीच बंद केली होती. मला हे माहीत होतं आणि मी तिला सांगितलं होतं की रात्रीचं जेवण सोड.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इचलकरंजीला गेले. एसटीत बसल्यापासून उतरेपर्यंत वाक्यं जुळवत होते आणि एकही कामाला आलं नाही. ती कॉटवर बसली होती, हाताला सुईचा काळा डाग, आणि मला बघून पहिलं काय म्हणाली तर, "मला जमलं न्हाई गं तुझ्यागत. महिन्यात दोनच किलो." तिला अपराधी वाटत होतं! मरता मरता वाचलेली माझी बहीण माझ्यासमोर ओशाळली होती, की आपल्यात निग्रह नाही. मी दार लावलं, कुर्ता वर केला आणि पोटावरचे डाग दाखवले.

ती त्या डागांकडं बघत राहिली, एकेका डागावर बोट ठेवून बघितलं तिनं. नंतर तोंड भिंतीकडं केलं. बऱ्याच वेळानं म्हणाली, "मी काय गावभर केलो असतो का गं? मला तरी सांगायचंस." आणि मग म्हणाली, "तू जा आता." मी गेले. पंधरा दिवस तिनं माझा फोन उचलला नाही आणि ते बरोबरच होतं.

मी तेव्हापासून ह्यावर रोज विचार करते. कुणाला सांगायचं हा प्रश्न मी आठ महिने असा सोडवत होते की कोण काय म्हणेल, कोण मला नावं ठेवेल. सगळ्या यादीत मीच मधोमध. खरं म्हणजे बघायचं होतं ते हे की माझ्या खोट्यावर कोण उभं राहणार आहे. चुलतमामांना, जावेला, गल्लीतल्या बायकांना माझ्या जठराशी काही घेणंदेणं नाही, त्यांना न सांगणं हे खोटं बोलणं नाहीच, अंगावरचे कपडे असतात तसं ते आहे, प्रत्येकाला झाकायचा हक्क असतो. त्यांनी विचारलं तर मी आता म्हणते, डॉक्टरांची ट्रीटमेंट चालू आहे, आणि विषय बदलते. पण जी मला वाढते तिचं वेगळं. आणि जी माझ्याकडं बघून आपलं शरीर मापते, तिचं तर फारच वेगळं. तिला मी खोटी मोजपट्टी दिली.

आक्का पंधरा दिवसांनी आली, स्वतःहून, आत्तींच्या हातचं खायचं निमित्त काढून. आता तिनं पुण्याला एकदा दाखवलंय. करायचं की नाही तिचं ठरलेलं नाही आणि मी ढकलत नाही, कारण हे ऑपरेशन जादू नाही हे मी तिला आता सगळं सांगते, बी१२, लोह, कॅल्शियम जन्मभर, रोज साठ ग्रॅम प्रोटीनचा हिशोब, जेवताना पाणी नाही, वर्षाला रक्त तपासणं, आणि लक्ष सुटलं तर काही वर्षांनी वजन परत पण येऊ शकतं. तिला सगळ्यात जास्त काळजी ह्याची आहे की घरात कसं सांगायचं.

लेकीचं राहिलंच. ती तेरा वर्षांची आहे. तिला आम्ही सांगितलं नव्हतं, पण तिला पहिल्यापासून माहीत होतं, तिनं नवऱ्याच्या फोनवर दवाखान्याचा मेसेज वाचला होता आणि पाच आठवडे आजीसमोर तोंड बंद ठेवलं होतं. तिच्यावर मी हे ओझं टाकलं ह्याचं वाईट वाटायला मला उशीर झाला. एका रात्री माझ्या शेजारी झोपून अंधारात तिनं विचारलं, "मी पण जाड झाले तर माझं पण करणार? आणि मग मी पण कुणाला सांगायचं नाही?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकले, की ते तुझ्या तब्येतीवर आणि तू मोठी झाल्यावर तुझ्या इच्छेवर. दुसऱ्यावर मी तिला जवळ घेतलं आणि म्हणाले, मला सांगायचं. आणि आजीला.

आता अकरा महिने झालेत. वजन ७९, शुगरच्या गोळ्या बंद, श्वासाचं मशीन परत टेस्ट करून बंद झालं, रात्री नवरा पण झोपतो. एक माणूस राहिला होता.

आण्णा ७८ वर्षांचे आहेत. पैलवानाचं अंग म्हातारपणी कसं होतं ते ज्यांनी बघितलंय त्यांना कळेल, खांदे तेवढेच रुंद आणि वरनं कातडी सैल. ते मला काही विचारायचे नाहीत. माहेरी गेले की फक्त माझ्या मनगटाकडं बघायचे, एकदा अंगठा आणि बोट त्याच्याभोवती धरून बघितलं आणि सोडून दिलं. ज्या माणसानं अंग कमावण्यात जन्म घालवला त्याला मी कसं सांगणार होते की तुम्ही थंडाई पाजून घडवलेलं मी काढून टाकलं? आत्तींचा प्रश्न त्यांनी विचारला तर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

मागच्या आठवड्यात संध्याकाळी ते म्हणाले, चल, गंगावेशीला जाऊन येऊ. थंडी होती. कट्ट्यावर म्हशी आल्या होत्या, धारेचा आवाज, फेसानं भरलेले ग्लास, त्यांच्या वयाचे दोघं-तिघं कानाला मफलर बांधून उभे. आण्णांनी दोन ग्लास घेतले, एक माझ्या हातात दिला. कोमट होता. मी दोन घोट घेतले आणि थांबले, कारण तिसरा बसणार नव्हता, आणि लहानपणापासून पहिल्यांदा मी त्यांच्या हातचा ग्लास तसाच परत त्यांच्याकडं केला.

त्यांनी तो घेतला. ग्लासात बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"आण्णा," मी म्हणाले, "फेब्रुवारीत मी पुण्याला गेलतो न्हवं का, ते पित्ताचं नव्हतं."

त्यांनी मफलर जरा खाली ओढला, कट्ट्यावर माझ्यासाठी जागा पुसली आणि म्हणाले, "बस. एवढं दूध संपिवतो, वाया जायला नको. मग पयल्यापासनं सांग."